राखेची निवळ

लढाई कुठं चालली होती ते आमच्या वाडीत कुणालाच धड ठाऊक नव्हतं. ती चालू आहे, एवढं मात्र दुकानातल्या रिकाम्या फळ्यांवरून कळायचं. आधी रॉकेल गेलं, मग साखर दिसेनाशी झाली, आणि एका उन्हाळ्यात धुण्याचा सोडा आणि साबण दोन्ही मिळेनासे झाले. कुठं मिळालाच तर इतका महाग, की नसरापूरच्या बाजारात तांदूळ विकून परत येताना माझे वडील, आबा, मीठ, मिरची, काडेपेटी आणायचे आणि साबणाचं नावही काढायचे नाहीत. त्यात कापडही मिळत नव्हतं. अंगावरचं धोतर, लुगडं फाटलं तर नवं कुठून आणायचं, म्हणून ते जपून, नीट धुऊन वापरायला हवं, आणि धुवायला तर काही नाही, अशी ती अडचण होती. भातखाचरातला चिखल, गोठ्यातलं शेण, चुलीचा धूर, सगळं कपड्यांत मुरत जायचं. वाळत घातलेल्या धोतरांचा रंग हळूहळू पायवाटेसारखा होत गेला.

आमची वाडी गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाला होती. घर लहान. पुढं ओसरी, मध्ये एक खण, मागं चुलीची जागा आणि बाजूला जनावरं. घरावर राज्य काशीआत्याचं. ती आबांची थोरली बहीण, फार लवकर विधवा होऊन माघारी आलेली. माझ्या धाकट्या भावाच्या, सदाच्या बाळंतपणात माझी आई गेली तेव्हा तो मुठीएवढा जीव आत्यानं कापसाच्या वातीनं शेळीचं दूध पाजून जगवला. मलाही तिनंच वाढवलं. तिची हाक माळावर ऐकू जायची, आणि तिच्या हातचं हुलग्याचं माडगं इतकं चांगलं असायचं की त्याची चव मला अजून, ह्या वयात, ताप आला की आठवते. पहाटे जात्यावर नाचणी दळताना ती गाणं म्हणायची नाही, कुणाकुणाला बोलून घ्यायची. गावाला, नशिबाला, मांजराला. त्या घरघरीत मिसळलेल्या तिच्या कुरकुरीनं मला जाग यायची आणि सगळं ठीक आहे असं वाटून पुन्हा झोप लागायची.

अशा घरात पारूमावशी आली. सदा हिंडता-फिरता झाल्यावर आबांनी दुसरं लग्न केलं. मुलगी खालची, कोकणातली. मढे घाट चढून ती वर आली तेव्हा तिच्याबरोबर तिचा भाऊ, एक वळकटी आणि आंब्याची एक लहान टोपली होती. रंगानं काळीसावळी, बारीक, हाताची बोटं लांब. आम्ही ‘न्हाई’ म्हणायचो तिथं ती ‘नाय’ म्हणायची, आणि भाकरीपेक्षा तिला पेज आवडायची. एवढ्यावरनं वाडीतल्या बाया तिला हसायच्या. तिला आई म्हणावं असं मला कुणी सांगितलं नाही आणि मीही म्हटलं नाही. मी मावशी म्हणाले, ते शेवटपर्यंत तेच राहिलं. आत्या तिला काहीच म्हणायची नाही. म्हणजे तिच्याशी बोलायचीच नाही. काही सांगायचं असलं तर मला सांगायची: “हिरे, त्या घरातलीला सांग, दूध उतू चाललंय.” ती घरातली दोन हातांवर उभी असायची. मग मी म्हणायचे, “मावशी, दूध.” तोवर तिनं दूध उतरवलेलं असायचं. भांडण कधी झालं नाही. दोघी माझ्या तोंडून बोलत राहिल्या एवढंच.

साबण घरी करायची गोष्ट मावशीनं काढली ती आबांजवळ, जेवताना, अगदी हळू. तिची आई महाडला एका साबण उकळणाऱ्याच्या आवारात कामाला जायची आणि लहानपणी तीही बरोबर असायची. तेल, राख आणि चुना एवढंच लागतं, असं ती म्हणाली. करंजं तर नदीकाठानं पडून वाया जातात. आबांना ते पटलं, ते खरं तर पेंडीमुळं. करंजाचं तेल काढलं की पेंड उरते आणि ती भाताला खत म्हणून चालते. पण आत्याला राग आला, आणि त्यात तिचं अगदीच चुकीचं होतं असं नाही. आमच्याकडं उन्हाळ्यात राब भाजतात. शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून जाळायच्या आणि त्या राखेत भाताचं रोप टाकायचं. राख म्हणजे आमचं अर्धं पीक. चुलीतली राखसुद्धा आत्या पाटीत साठवून राबावर नेऊन टाकायची. ती मला म्हणाली, पण आवाज चुलीपर्यंत जाईल असा: “राख काय फुकट येती व्हय? धोतरं पांढरी करून पोटाला काय खायाचं?”

मावशी वाद घालणाऱ्यातली नव्हती. तिनं चुलीच्या राखेला हात लावला नाही. परसात केळी होत्या, त्यांचे घड काढून झालेले खुंट तिनं चिरून वाळत घातले. बांधावरचा आघाडा उपटून आणला. ते सगळं वेगळं जाळून तिनं स्वतःची राख केली. मला करंजं वेचायला बरोबर नेलं. नदी तेव्हा आटून डोहाडोहांत राहिलेली, काठावर करंजांची गार सावली आणि खाली चपट्या शेंगांचा सडा. आम्ही दोघी वेचत असायचो, पलीकडं कुणीतरी खडकावर कपडे आपटत असायचं आणि तो आवाज डोंगराला आपटून एकदा पुन्हा यायचा. मावशी बोलायची नाही. फक्त एकदा ती म्हणाली की खाली त्यांच्याकडं समुद्राचा वारा आला की वाळत घातलेले कपडे खारट होतात, आणि हसली. ती जागा आता धरणाच्या पाण्याखाली आहे. मागच्या वर्षी नातवानं गाडीतून तिकडं नेलं होतं. पाणी बघून तो खूष झाला. मी खूप वेळ काठ शोधत होते.

बियांचं तेल तेल्याकडून काढून आणलं. काळपट, कडू वासाचं. कळीचा चुना आबांनी बाजारातून आणून दिला. मग मावशीनं बुडाला भोक असलेला एक जुना माठ तीन दगडांवर ठेवला, त्यात खाली भाताचं काड घातलं, वर राख आणि चुना भरला, आणि वरून थोडंथोडं पाणी घालत राहिली. दुसऱ्या दिवशी खालच्या गाडग्यात टिपटिप करून पाणी साचलं. लालसर तपकिरी, दाट दिसणारं, चकाकणारं. ही राखेची निवळ. ती आटवून आटवून जहाल करायची, कोंबडीचं अंडं टाकलं तर ते बुडू नये इतकी. मग ती तेलात थोडीथोडी ओतत उकळायचं. परसात दिवसभर तो कडू वास भरून राहायचा आणि मावशी लाकडी पळीनं ढवळत बसायची, तोंडाला पदर बांधून. “लांब ऱ्हावा,” एवढंच ती आम्हा मुलांना म्हणायची. निवळीचं गाडगं ती काम झालं की लगेच माजघरातल्या शिंक्यात उंच टांगून ठेवायची. का, ते तिनं आम्हाला सांगितलं होतं. हात भाजतो, डोळा जातो. आत्याला सांगायचा प्रश्नच नव्हता.

पहिला साबण थिजलाच नाही. खरवसासारखा लिबलिबीत राहिला, आणि आत्या शेजारणीला म्हणाली की आमच्याकडं ह्याला गुळवणी म्हणतात, पोळीशी खातात. दुसऱ्या खेपेला मावशीनं शेवटी मीठ घातलं. तो साबण फळीवर पसरल्यावर हळूहळू घट्ट झाला. रंगानं गोठ्याच्या भिंतीसारखा, वास करंजाचा, फेस थोडा. पण मळ काढायचा. आबांचं धोतर नदीवरून परत आलं तेव्हा ते दोरीवर एकटंच उजळलेलं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी आबा ते धोतर नेसून कारण नसताना गुंजवण्यात जाऊन आले. हळूहळू ज्या बाया मावशीच्या बोलण्याला हसायच्या त्याच येऊन उंबऱ्याशी बसायला लागल्या. एक वडी दे, पसाभर नाचणी घे. आत्या मात्र आपलं लुगडं रिठ्यानंच धुवायची, वेगळ्या खडकावर.

सदाला जे झालं ते ह्यानंतर. त्या दिवशी मावशी पुन्हा साबण करणार होती आणि आटवलेली निवळ शिंक्यात टांगून ती नदीवर गेली होती. आबा राबावर. मी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होते. आत्यानं ताक घुसळून लोणी काढलं. मांजर पायांत घोटाळत होतं, ते आदल्या दिवशी लोणी खाऊन गेलेलं. लोणी टांगायला शिंकं एकच. आत्यानं वर बघितलं, ते गाडगं उतरवलं, उखळाशेजारी कोपऱ्यात ठेवलं आणि शिंक्यात लोणी ठेवलं. मी ते बघितलं. मला त्यात काही वाटलं नाही. म्हणजे काहीतरी वाटायला हवं आहे असं मनात येईपर्यंत आत्यानं मला पाणी आणायला पाठवलं आणि मी कळशी घेऊन गेले.

शिमग्याच्या आसपास आबांनी कामथडीकडच्या एका गुऱ्हाळातून काकवी आणली होती, अशाच गाडग्यातून, अशाच रंगाची. सदाला तिची गोडी आठवत असणार. त्यानं मूठ बुडवली आणि चाटली.

त्याचं ओरडणं मी वाटेवर ऐकलं. मावशीनं नदीवरून येताना ऐकलं असावं, कारण ती माझ्या पुढून पळत गेली, ओल्या कपड्यांची पाटी तिथंच टाकून. मी पोचले तेव्हा तिनं सदाला परसात आडवं धरलं होतं आणि त्याच्या तोंडावर, हातावर पाणी ओतत होती, सारखं, थांबायला तयार नव्हती. आत्या तिच्या हातातून त्याला ओढत होती. मावशीनं आयुष्यात पहिल्यांदा आत्याला ढकललं आणि “ताक आणा” म्हणाली. त्या गडबडीत ती आत्याशी थेट बोलली हे मला नंतर सुचलं. त्याचे ओठ सुजले, जीभ पांढरी पडून सोलून निघाली, तळहाताची कातडी गेली. आवाज घोगरा झाला आणि मग नाहीसाच झाला. रडायचा तर नुसती छाती हलायची. ते बिनआवाजाचं रडणं बघवत नव्हतं. आत्या भिंतीशी बसून राहिली होती. शेजारणी जमल्या. कुणीतरी म्हणालं ते मी ऐकलं, की सावत्र ती सावत्र, लेकराच्या हाताशी ईख ठेवून नदीवर गेली.

संध्याकाळपर्यंत ते बोलणं सगळ्या वाडीचं झालं होतं. मी आत्याच्या तोंडाकडं बघत राहिले. ती सांगेल असं मला वाटत होतं. तिनं सदाला मांडीवर घेतलं, थुंकी गिळताना तो कळवळला की तीही कळवळायची, पण ती काही बोलली नाही.

सकाळी ओसरीवर धोंडूतात्या येऊन बसले. ते भावकीतले वडीलधारे, लग्नात बोलणी त्यांनीच केलेली. आबांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. ते म्हणाले, घाटाखाली निरोप धाडतो, तिच्या भावानं येऊन तिला घेऊन जावं. हे त्यांनी ओरडून सांगितलं असतं तर मला एवढी भीती वाटली नसती. ते अगदी सावकाश, बैल विकायचा ठरवल्यासारखं बोलले. धोंडूतात्यांनी मावशीला विचारलं, गाडगं खाली कसं ठेवलं. ती दाराआड उभी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती कितीतरी वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, “मला वाटतं मी वर टांगलं होतं. पन माज्याच हातून ऱ्हायलं असंल. मला नाय आठवत.”

 तिनं टांगलं होतं. मी बघितलं होतं. आणि आता ती स्वतःच्या हातावर विश्वास ठेवत नव्हती. मी तिच्यावर माया करत होते म्हणून बोलले असं मी म्हणणार नाही. माझी माया सगळी आत्यावर होती, आणि ज्या घरात आत्या नाही ते घर मला ठाऊकच नव्हतं. भावाच्या घरी राहणाऱ्या विधवेचा पाय तिथं किती डळमळता असतो हे तेव्हा मला कळत नव्हतं, तरी आपण काहीतरी मोडतो आहोत एवढं कळलं. मी ओसरीच्या खांबाला धरून म्हणाले, “मावशीनं टांगलंच व्हतं. आत्यानं उतरवलं. लोणी ठिवाया.”

आबांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, “हे तुला कुणी शिकवलं?”

मी खांब सोडला नाही.   मागं गोठ्यात म्हैस दाव्याला हिसडे देत होती. मग माजघरातून आत्या बाहेर आली, सदाला कडेवर घेऊन. ती माझ्याकडं बघत नव्हती.

“पोरगी खोटं बोलत न्हाई, रामा,” ती आबांना म्हणाली. “म्या उतरावलं. मला वाटलं राखंचं पानी, काय करतंय ते. हितं बसून सगळं ऐकलं, तोंड उघडंना.”

आबांची मान खाली गेली. धोंडूतात्यांनी पानाची चंची उघडली आणि पुन्हा मिटली. आता आबा आत्याला काय म्हणतात ह्याची सगळे वाट बघत होते, आणि मला वाटलं की आता आत्याला जावं लागणार आणि ते माझ्यामुळं. तेवढ्यात मावशी दाराआडून पुढं झाली. परक्या पुरुषापुढं ती कधी आली नव्हती.

“वन्संचं काय चुकलं त्यात,” ती म्हणाली. “त्यानं भाजतं हे त्यांना म्हाईत नव्हतं. मी सांगायला हवं होतं. मी पोरांना सांगितलं, त्यांना नाय सांगितलं. आमी बोलत नाय ना.”

 धोंडूतात्या उठले, पायांत वहाणा घातल्या आणि आबांना म्हणाले की आता निरोप कशाला धाडतोस, पोराला बघा. आबा बैल सोडून राबावर निघून गेले. घाटाखाली कुणी गेलं नाही.

सदाला बरं व्हायला ते सगळे गरमीचे दिवस लागले. मावशी गार पेज ताकात कालवून बोटानं त्याच्या तोंडात सोडायची, आणि तिचा हात थकला की आत्या तेच करायची, तशीच, तिचं बघून. एका सकाळी तो गोठ्यात जाऊन रेडकावर ओरडला आणि आम्ही तिघी हातातलं टाकून धावलो. आवाज परत आला होता. पुढं तो एस.टी.त कंडक्टर झाला. भोरच्या स्टँडवर तो गावांची नावं पुकारायचा ती पार वेशीपर्यंत ऐकू जायची. वरच्या ओठाच्या कडेला एक पांढरा डाग तेवढा जन्मभर राहिला, आणि तिथं मिशी येत नाही म्हणून तो कुरकुरायचा.

आत्या माझ्याशी मात्र बोलेनाशी झाली. रागावून नव्हे, असं आता वाटतं. माझ्या तोंडाकडं बघितलं की तिला ती ओसरी आठवत असणार. पहाटेची जात्यावरची कुरकुर थांबली. नुसतं जातं घरघरायचं. मला जाग यायची आणि मग झोप लागायची नाही.

एका दुपारी आम्ही तिघी नदीवर होतो. मी वरच्या अंगाला गोधड्या तुडवत होते, मावशी तिच्या खडकावर, आत्या तिच्या. आत्यानं लुगडं धुऊन उचललं. नऊवारी ओलं लुगडं एकटीला पिळता येत नाही. एक टोक कुणीतरी धरावं लागतं. ते काम माझं असायचं. आत्यानं माझ्या दिशेला मान वळवली, हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. तिनं ते लुगडं पायाखाली दाबून एकटीनं पिळायला घेतलं. ते घसरून पुन्हा वाळूत गेलं. तिनं ते खंगाळलं, पुन्हा पिळायला घेतलं. मग ती ताठ उभी राहिली, लुगड्याचं एक टोक हातात धरून, आणि मावशीकडं चालत गेली. तिनं ते टोक पुढं केलं.

मावशीनं हात पुसले आणि धरलं. दोघी दोन बाजूंनी पीळ देत मागं मागं सरकल्या. लुगडं दोरखंडासारखं ताठ झालं, पाण्याची धार दगडावर पडली. मी गोधडी तुडवायची थांबले होते.

आत्या खाली पिळाकडं बघत म्हणाली, “तुजं ते पानी अन् काकवी. लांबून वळखायचं कसं?”

“लांबून नाय वळखता येत,” मावशी म्हणाली. “मला इचारायचं.”

आत्यानं आणखी एक पीळ दिला.

“इचारीन,” ती म्हणाली. मग लुगडं पाटीत ठेवून तिनं खडकावरची साबणाची वडी उचलली, नाकाशी नेऊन वास घेतला, तोंड वाकडं केलं, आणि आपलं दुसरं लुगडं भिजवायला घेतलं.